सुंभावरचा कर

१२ फेब्रुवारी १९६१, मसुरे

हे आले आणि गेलेही. भराडीच्या जत्रेला येणार म्हणून आठवडाभर घर झाडत होते. प्रत्यक्षात घरात राहिले ते एका जेवणापुरते. बाकी सगळा वेळ जीप, हार, अर्ज आणि मामलेदार. नवरा राज्याचा अर्थमंत्री असला की तो वाट्याला येतो तो असा.

जेवताना मीच विषय काढला. आमच्या बायकांच्या काथ्याच्या सहकारी मंडळीला, अध्यक्ष म्हणून माझ्या नावे, विक्रीकराची नोटीस आली आहे. सुंभावर कर! नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरायची, महिनोन्महिने कुजू द्यायची, मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून उपसायची, बडवायची, काथ्या सोडवायचा आणि तळहात सोलून निघेपर्यंत वळत बसायचं. त्यावर शेकडा तीन. गेल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ह्यांनी 'दोर व दोरखंड' असे शब्द घातले. रोख होता गिरण्यांच्या दोरांवर. सापडल्या आमच्या बायका.

मी बोलत होते, हे सोलकढी पीत होते. वाटी खाली ठेवून म्हणाले, "घरात सरकारचं बोलायचं नाही."

"मग कुठे बोलायचं?"

"सभागृह आहे. ज्याला विचारायचं त्याने तिथे रीतसर विचारावं."

सासरे, म्हणजे आमचे अप्पा, समोरच होते. म्हणाले, "झील मंत्री झालो, पण बायलेवांगडा बोलूक अजून शिकूक नाय." बायकोशी बोलायला अजून शिकला नाही म्हणे. हे हसले नाहीत. जीपचा भोंगा वाजला आणि उठले.

रीतसर विचारावं म्हणे. बरं.


१३ फेब्रुवारी

सकाळी हौसाबाई आली. मंडळीत पहिल्या दिवसापासून आहे, खालच्या वाडीची. बाकीच्या तिच्यामागून अंगणात. सगळ्यांना वाटत होतं की काल साहेब जेवले म्हणजे कर गेला! काय सांगायचं? नाही म्हणाले, असंच सांगितलं.

हौसाबाई बसलीच नाही. "आमी काय सावकार आसव?" म्हणाली. मग साकवाचं निघालं. ते निघणारच होतं. दोन वर्षं खाडीवरचा साकव, पायी जायचा छोटा पूल, मंजूर आहे. मंजूर म्हणजे मुंबईत कागदावर. इथे उतारातून डोक्यावर भिजलेली सोडणं घेऊन बायका चालतात, भरती कधी गुडघ्याशी येते, कधी छातीशी. गेल्या श्रावणात मंडळीतली जानकी ह्याच उतारात वाहून गेली. ओझं सोडलं असतं तर वाचली असती, असं त्या वेळी सगळे म्हणाले. ओझं सोडायचं म्हणजे काय हे म्हणणाऱ्यांना ठाऊक नसावं.

कर घ्यायला सरकारला आमचा पत्ता सापडतो. साकव बांधायला सापडत नाही.


१४ फेब्रुवारी

भिकाजी शेट येऊन गेले. पूर्वी बायका शेटच्याच वखारीत सुंभ वळत, मिळेल त्या मजुरीवर. मंडळी निघाली आणि ते थांबलं. आज फार गोड बोलले. "वयनीनू, कायदो तो कायदो. मंडळी बंद करा. बायलमाणसा पयल्यासारखी माज्याकडे येवंदेत. माका काय नको, तुमचो तरास वाचात."

चहा दिला. साखर कमी घातली.


१६ फेब्रुवारी

आमच्या तालुक्याच्या आमदारांकडे जाऊन आले. वय झालं आहे, भले गृहस्थ आहेत. म्हणाले, आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला आपणच कसं विचारायचं? आणि तेही तुम्ही सांगितलं म्हणून? लोक काय म्हणतील!

लोक. जानकीच्या वेळी कुठे होते लोक?


२० फेब्रुवारी

आज कसालला गेले होते. सुंभाच्या गुंड्या कोल्हापूरच्या ट्रकवर चढवायच्या होत्या. ट्रक उशिरा आला ते बरंच झालं. एस.टी.च्या टपरीत मॅन्युएल मास्तर भेटले.

मॅन्युएल आरोंद्याचे. लग्नाआधी मी सावंतवाडीला शाळेत शिकवत होते तेव्हा ते तिथे इतिहास घ्यायचे. आता विरोधी बाकावरचे आमदार आहेत, आणि ह्यांचा पिच्छा पुरवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही असं हेच सांगतात. मुंबईला अधिवेशनाला निघाले होते. मी सगळं सांगितलं. कर, साकव, जानकी. त्यांनी खिशातून कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "तुमीच लिवा. तुमका माज्यापेक्षा बरा येता."

लिहिला. टपरीच्या बाकावर बसून अर्थमंत्र्यांना तारांकित प्रश्न! तीन भाग : सुंभावर कर आहे काय, साकवाला पैसे मंजूर आहेत काय, आणि उतारात बाई वाहून गेली त्याबद्दल सरकार काय करणार? तारा लावला म्हणजे मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि वर पुरवणी प्रश्न विचारता येतात. हे मला ठाऊक आहे, कारण इतकी वर्षं हे ओसरीवर येरझारा घालत उत्तरं पाठ करायचे आणि मी सुपारी कातरत ऐकायची.

मॅन्युएलनी वाचला. म्हणाले, ह्याचं उत्तर मिनिस्टर तीन शब्दांत गुंडाळतील. म्हटलं, गुंडाळतीलच. मग तुम्ही तारीख विचारा. हे आकड्याला घाबरत नाहीत, तारखेला घाबरतात. 'माहिती मागवली आहे' म्हणाले तर समजा माहिती आहे. चष्मा काढून पुसू लागले तर थांबू नका, तिथेच पुढचं विचारा.

एवढं मी बोलून गेले आणि जीभ चावली. घरातलं माणूस घराबाहेर दिल्यासारखं वाटलं.

मॅन्युएलना ते कळलं असावं. म्हणाले, "वयनीनू, माका ह्यो प्रश्न विचारूक आवडात. पण मागीर घरात तुमका बोलणी खावची लागतली."

ट्रक आला. मी म्हटलं, विचारा.


२१ फेब्रुवारी

विचारा म्हटलं. झालं. आता मागे घ्यायचं नाही.


५ मार्च

शिमग्याचे ढोल चालू आहेत. मॅन्युएलचं कार्ड आलं. प्रश्न स्वीकारला गेला. एकवीस तारखेला सभागृहात येणार.

अप्पांना सांगितलं. आज ना उद्या सांगावं लागणारच होतं. त्यांना वाटेल सुनेनं घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली, असं मला भय होतं. त्यांनी तोंडातलं पान अंगणात थुंकलं. मग विचारलं, "तू थंय जातलस?"

मी? तिथे? हा विचार केलाच नव्हता.

"प्रश्न तुजो. ऐकूक नको?"


१७ मार्च, पाडवा

गुढी उभारली. बोटीचं तिकीट काढलं. दोन्ही कामं एकाच सकाळी. ह्यांना फक्त येते आहे असं कळवलं, का ते नाही. हौसाबाईनं वाटेत खायला घावणे दिले आहेत, इतके की बोटीवर दुकान टाकता येईल.


२० मार्च, मुंबई

आले. बोट रात्रभर हलत होती. बंगल्यावर हे कागदांच्या ढिगामागे. मला पाहून चष्मा वर केला. "बोट लागली का?"

"नाही."

"बरं. जेवून घे."

जेवायला बसलो. उद्याच्या यादीत काय आहे हे त्यांना ठाऊक, मलाही ठाऊक. शेवटी तेच म्हणाले, आमच्या सचिवांनी एका प्रश्नातला 'उतार' हा शब्द वाचून घाटाची फाईल मागवली. मी त्यांना सांगितलं, घाट नव्हे हो, पायी खाडी ओलांडायची जागा. आमच्या मसुऱ्याला तसंच म्हणतात.

एवढं बोलून भातावर ताक घेतलं.

म्हणजे कळलं आहे तर! पहिल्या वाचनातच कळलं असणार. आणि रागावले आहेत की नाही, ते मात्र चेहऱ्यावरून कळू देत नाहीत. राज्याचा अर्थमंत्री कशाला म्हणतात ते आज समजलं.


२१ मार्च

सगळं लिहायचं. विसरायचं नाही.

प्रेक्षकांच्या सज्जात पुढच्या बाकावर बसले. खाली हे, पांढऱ्या टोपीत, किती लहान दिसतात वरून! आधी दुसऱ्यांचे प्रश्न झाले. ऊस, शाळांची अनुदानं, कुठल्या तरी जिल्ह्यातल्या मोटारी. ह्यांची उत्तरं सटासट. मला अभिमानही वाटत होता, खोटं कशाला लिहू. मग अध्यक्षांनी मॅन्युएलचं नाव घेतलं.

हे उठले. कागदावरून वाचलं. "एक : होय. दोन : होय, तथापि रक्कम खर्च झाली नाही. तीन : प्रश्न उद्भवत नाही."

बसलेसुद्धा! विरोधी बाकांवर हशा. जानकी वाहून गेली आणि प्रश्न उद्भवत नाही! मी कठडा घट्ट धरला.

मॅन्युएल उठले. त्यांचं मराठी तिथे अगदी पुस्तकी होतं. साकवाची रक्कम सलग दोन वर्षं मंजूर होऊनही परत का गेली, असं विचारलं. हे म्हणाले, काम घ्यायला कुणी ठेकेदार पुढे आला नाही.

"ठेकेदारांकडून निविदा कोणत्या महिन्यात मागवल्या होत्या?"

ह्यांनी मागे बसलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. चिठ्ठी आली. ह्यांनी ती वाचली आणि चष्मा काढला. पुसू लागले.

मॅन्युएल थांबले नाहीत. "महिना सांगावा, अध्यक्ष महाराज."

"जुलै," हे म्हणाले.

"दोन्ही वर्षी?"

"दोन्ही वर्षी."

भर पावसात खाडीत साकव बांधायला या म्हणून बोलावलं होतं! सभागृह खदखदलं. कुणी बाक वाजवले. माझ्या शेजारचे गृहस्थ पोट धरून हसत होते. मी हसले नाही. मी ह्यांच्याकडे पाहत होते. आता माहिती मागवतील, चौकशी करू म्हणतील, खात्यावर ढकलतील. हे सगळे शब्द मला पाठ होते.

ह्यांनी चष्मा घातला. हातातला कागद खाली ठेवला. मग वर पाहिलं, सरळ सज्जाकडे. मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"ही चूक आहे," म्हणाले. "खात्याची म्हणून मी ती टाळणार नाही. पैसे मंजूर करणं म्हणजे काम करणं, असं आम्ही धरून चाललो. त्या उतारात एक बाई गेली, हे मला माहीत आहे. मी त्याच गावचा आहे. पाऊस संपताच, पंधरा ऑक्टोबरला काम सुरू होईल. ही तारीख मी सभागृहाला देतो आहे."

हशा थांबला. मग बाक वाजले, दोन्ही बाजूंचे. माझ्या डोळ्यांना काय झालं कोण जाणे. तारीख दिली! सभागृहाला!

पण तिथे संपलं नाही. मॅन्युएलनी करावरचा प्रश्न विचारला. हाताने वळलेल्या सुंभाला सूट देणार का? तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणी तरी ओरडलं, "त्या मंडळीच्या अध्यक्ष कोण, तेही सांगा की!"

मॅन्युएलचा चेहरा पडला. हा वार त्यांच्याच बाजूने आला होता.

हे शांतपणे उठले. "अध्यक्ष माझी पत्नी आहे. आणि म्हणूनच मी सूट देणार नाही."

पुढचा प्रश्न पुकारला गेला.


२२ मार्च

काल संध्याकाळी बोलणं झालं. बंगल्याच्या गच्चीवर, समुद्राकडे तोंड करून. एकमेकांकडे बघायचं टाळायला समुद्र बरा पडतो.

मी म्हटलं, जत्रेच्या दिवशी हे कारण सांगितलं असतं तर? म्हणाले, सांगितलं असतं तर तू मंडळी सोडली असतीस. ती तू उभी केलीस. माझ्या खुर्चीपायी तुझी खुर्ची जावी असं मला तोंडानं सांगवेना. म्हणून घरात सरकार नको म्हणालो.

इतकी वर्षं संसार केला आणि ह्या माणसाच्या गप्प बसण्याचा अर्थ मी प्रत्येक वेळी चुकीचा लावला की काय!

मग विचारलं, "मी अध्यक्ष नसले तर?"

"तर सूट देईन, असं मी म्हणू शकत नाही. तसं म्हटलं तर तो सौदा होतो."

"मी विचारत नाही. सांगते आहे. मी अध्यक्षपद सोडते. तुमचं काय ते तुम्ही ठरवा."

मग म्हणाले, तो प्रश्न चांगला लिहिला होतास. माझ्या खात्यात असा मसुदा लिहिणारा एक माणूस नाही.

झालं ते कौतुक एवढंच. पण मला ते पुरलं. पुरून उरलं.


२८ मार्च, मसुरे

मंडळीची सभा शाळेत झाली. राजीनामा वाचून दाखवला तर ऐकूनच घेईनात. कुणी म्हणे साहेबांनी करायला लावला, कुणी म्हणे भिकाजी शेटनं. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, सज्जातलंसुद्धा. मग घेतला राजीनामा.

अध्यक्ष कोण? सगळ्या हौसाबाईकडे बघायला लागल्या. ती दाराकडे सरकली. "माका फकत सई करूक येता," म्हणाली.

"मग ती करा," मी म्हटलं.

हसल्या सगळ्या. तीही हसली आणि येऊन बसली. माझ्या खुर्चीत. खुर्ची शाळेचीच आहे, तरी उठताना ती पदरानं पुसली. ही मंडळी म्हणजे मला मूल वाटायची. घरी आल्यावर अप्पांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.


३ एप्रिल

करमत नाही. दोनदा खाडीकडे निघाले आणि दोनदा परत फिरले. हौसाबाईच्या मध्ये लुडबुडायचं नाही असं ठरवलं आहे. ठरवणं सोपं आहे.


११ एप्रिल

तार! मॅन्युएलची!

सूट मिळाली. ह्यांनी अंदाजपत्रकावरच्या चर्चेला उत्तर देताना जाहीर केलं. हाताने वळलेल्या सुंभाला, काथ्याला आणि काथ्याच्या पायपुसण्यांना कर नाही. आमच्या मंडळीपुरती नव्हे, साऱ्या राज्यात, जिथे जिथे हाताने वळतात तिथे. जाहीर करताना ह्यांनी विरोधकांना म्हणे स्वतःहून सांगितलं की ज्या मंडळीचा उल्लेख झाला तिथे आता माझ्या घरचं कुणी नाही, खुशाल चौकशी करा. मॅन्युएलनी तारेत एवढं सगळं घातलं. पैशाकडे बघितलं नाही बिचाऱ्यांनी.

तार घेऊन मी चालतच खाडीवर गेले. आज नाही लुडबुडायचं तर कधी! ओहोटी होती. बायका चिखलात उभ्या राहून सोडणं उपसत होत्या. मी काठावरून ओरडले, "गेलो! कर गेलो!" इतक्या वर्षांत मी मालवणीत कधी ओरडले नव्हते. मास्तरीण ना मी.

पुढचं काय सांगू. मला चिखलात ओढलं. नवं लुगडं! हौसाबाईनं कमरेला हात घालून मला गरागरा फिरवलं. कुणी तरी सोडणं बडवायचे दांडके एकमेकांवर वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्या फेर धरून नाचल्या, गुडघाभर चिखलात, कुजक्या सोडणांच्या त्या वासात. तो वास आज मला अत्तरासारखा वाटला.

परत येताना भिकाजी शेट दारात उभे होते. माझा अवतार पाहून काय झालं म्हणाले. मी म्हटलं, "शेटनू, तुमच्या वखारीतल्या हाताने वळलेल्या सुंभालासुद्धा सूट मिळाली. पेढे वाटा."

वाटले त्यांनी. खरंच वाटले!


१४ जुलै

पुण्याचं धरण फुटलं. वर्तमानपत्र वाचवत नाही. केवढा संसार वाहून गेला लोकांचा. आमच्या साकवाचा विचार मनात आला आणि स्वतःचीच लाज वाटली. पण आला खरा. सरकारचा सगळा पैसा आता तिकडे जाणार, आणि जायलाच हवा.


९ ऑगस्ट

ह्यांचं पत्र. पुण्यासाठी सगळ्या खात्यांचे खर्च कापताहेत, रात्रंदिवस तेच काम. खाली एकच ओळ : "सभागृहात दिलेली तारीख कापता येत नाही."

अप्पांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "झील आता शिकलो."


१५ ऑक्टोबर

आले! दोन बैलगाड्या जांभ्याचे चिरे, मालवणचा मिस्त्री आणि एक चष्मेवाला ओव्हरसियर. रविवार असून आले. ओव्हरसियर म्हणाला, साहेबांचा हुकूम आहे, आज किमान एक चिरा बसला पाहिजे.

बसला. हौसाबाईनं वर हळदकुंकू वाहिलं.


२७ डिसेंबर

साकव झाला. काल उघडला.

हे आले होते. लाल फीत बांधली होती, ताटात कात्री होती, आणि मामलेदार ती ह्यांच्या हातात द्यायला धडपडत होता. ह्यांनी घेतली नाही. फीत हातानं सोडली, गुंडाळून खिशात टाकली आणि बाजूला झाले. म्हणाले, ज्यांची वाट आहे त्यांनी आधी जावं.

हौसाबाई निघाली. डोक्यावर भिजकी सोडणं, नेहमीचंच ओझं. आज तरी रिकाम्या हातानं जा, असं मी म्हटलं होतं. ऐकलं नाही. मध्यावर थांबली आणि खाली पाण्याकडे पाहिलं. सगळे समजले ती काय पाहते आहे. मग जानकीच्या म्हाताऱ्या आईला तिनं हाताला धरून बरोबर घेतलं, आणि दोघी पलीकडे गेल्या. कोरड्या पायांनी.

मागून आम्ही सगळे. भिकाजी शेटसुद्धा, छत्री घेऊन.

मॅन्युएल आरोंद्याहून नाताळचं गोड, दोदोल आणि नेवऱ्या, घेऊन आले होते. आठवड्यापूर्वी गोवा मोकळा झाला, त्यामुळे बरोबर पेडण्याची त्यांची मावशी, सोकोरो. इतकी वर्षं फक्त आरोंद्याच्या खाडीपलीकडून हात हलवायची, ती आमच्या ओसरीवर बसून जेवली. मॅन्युएल आणि हे एका पंक्तीला! अप्पांनी दोघांना विचारलं की तुम्ही मुंबईत भांडता ते खरं की इथे जेवता ते? दोघेही म्हणाले, दोन्ही.

पुष्कळ दिवसांनी घरात इतकं हसणं झालं.


३ जानेवारी १९६२

पक्षाची तालुक्यातली माणसं आली होती. विधानसभेच्या निवडणुका फेब्रुवारीत. आमचे आमदार थकले आहेत, उभे राहणार नाहीत. जागा कुणाला द्यायची? सगळ्यांच्या तोंडी एकच नाव म्हणे. माझं!

मला आधी थट्टा वाटली. हौसाबाई मागच्या दारातून ऐकत होती. ती पुढे आली आणि त्या सगळ्या टोपीवाल्यांना म्हणाली, "आमची मता तुमका व्हयी तर ह्येंका उभी करा. नायतर आमी येतलव नाय."

एक अडचण त्यांनीच हळूच काढली. साहेब विधान परिषदेतून येतात, म्हणजे त्यांच्या जागेला धक्का नाही. पण नवरा मंत्री आणि बायको आमदार, विरोधक काय ते बोलतीलच. 'त्या मंडळीच्या अध्यक्ष कोण' असं ओरडणारा आवाज मला अजून आठवतो.

विचार करून सांगते म्हटलं.

खरं लिहू? विचार करायला काही नाही. मला हवं आहे. सज्जात नव्हे, खाली बसायचं आहे. आणि हे तोंडातून काढायची चोरी.


६ जानेवारी

ह्यांना पत्रानं कळवलं, सगळं स्पष्ट. तुमच्या कामात अडचण येणार असेल तर मी नाही म्हणेन, असंही लिहिलं. लिहिताना ते वाक्य तीनदा खोडलं. शेवटी ठेवलं.


१२ जानेवारी

उत्तर नाही.


१५ जानेवारी

उत्तर नाही. पक्षवाल्यांना उद्या नकार कळवते असं अप्पांना म्हटलं. ते म्हणाले, दोन दिस थांब. ह्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी लावत बसणार नाही असं गच्चीवर ठरवलं होतं. म्हणून थांबते.


१८ जानेवारी

काल हे बोटीतून उतरले. बरोबर शिपाई नाही, फायली नाहीत. मंत्रिपदाचा राजीनामा देऊन आले. "एका घरातून एकच," म्हणाले. "गेल्या खेपेला खुर्चीवरून तू उठलीस."

आज मालवणात माझा उमेदवारी अर्ज भरला. सूचक म्हणून ह्यांनी सही केली. कारकून सवयीने नावापुढे 'अर्थमंत्री' लिहू लागला, तेव्हा ह्यांनी त्याचा हात धरला.

"मतदार लिहा. मसुरे."